कागदांची राखण

(मंडळाच्या साठाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शिकले, पुढे लग्न झाले आणि मग पोळ्या, पाणी, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे दुखणे यांतच वर्षे गेली. मंडळात मी आजवर केलेले काम म्हणजे सतरंज्या अंथरणे, वाणाच्या सामानाचा हिशेब ठेवणे आणि चहा करणे. तेव्हा अध्यक्षाबाईंनी "यंदा तू बोल" म्हटले, त्या वेळी मला वाटले थट्टाच करतात. पण त्यांच्या त्या सांगण्यामागे एक कारण आहे आणि ते आतापर्यंत फक्त त्यांना व मला ठाऊक आहे. ते मी शेवटी सांगणार आहे. आधीच सांगितले तर तुमचे पुढच्या बोलण्याकडे लक्ष राहणार नाही.

माझा विषय आहे जुने कागद. अमेरिकेत फिलाडेल्फिया म्हणून शहर आहे. तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने कितीतरी बायकांची आणि बायकांच्या संस्थांची कागदपत्रे जपून ठेवली आहेत. विषय फार दूरचा वाटेल, पण त्या कागदांत आपल्या कल्याणची एक मुलगी आहे.

झाले असे की, गेल्या दिवाळीत माझी भाची भाऊबीजेला आली होती. ती पुण्याला ग्रंथालयाचे शिक्षण घेते. मी करंज्या तळत होते आणि ती ओट्याशी उभी राहून मोबाईल चाळत होती. एकदम म्हणाली, "मावशी, ही कोण ओळख." पाहते तो एक जुना फोटो. तीन तरुण बायका. एक साडीतली, एक जपानी किमोनोतली आणि तिसरी कुठल्यातरी अरबी धर्तीच्या पोशाखातली. तिघींचे चेहरे गंभीर. खाली प्रत्येकीचे नाव आणि गाव. मी साडीवालीकडे बोट दाखवून म्हटले, "ही आपल्यातली दिसते." ती म्हणाली, "आनंदीबाई जोशी."

आनंदीबाईंचे नाव तुम्हां सर्वांना माहीत आहे. त्यांच्यावर कादंबरी आहे, नाटक झाले, सिनेमाही झाला. कल्याणची यमुना, नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला आणि वयाने वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहाच दिवसांत गेले. त्या दुःखातून डॉक्टर व्हायचे मनात आले. हे सगळे आपण ऐकलेले आहे. मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. फोटो १८८५ सालचा, १० ऑक्टोबरचा. म्हणजे जवळजवळ १४० वर्षांपूर्वीचा. माझ्या लग्नातले फोटो वीस-पंचवीस वर्षांत एकमेकांना चिकटून गेले आणि हा मात्र तारखेसकट, नावागावासकट शाबूत! कुणी ठेवला, कसा ठेवला, हे मी भाचीला विचारीत राहिले. शेवटी करंज्या करपल्या, पण ती माहिती मिळाली. पुढे तिने फोनवर वेळोवेळी सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. मला इंग्रजी येत नाही. मूळ इंग्रजी पत्रांचा अर्थ तिने सांगितला तोच मी सांगते आहे.

फिलाडेल्फियात १८५० साली बायकांना डॉक्टरकी शिकवण्यासाठी एक कॉलेज निघाले. तेव्हा पुरुषांच्या कॉलेजात बाईला सहसा कोणी घेत नव्हते. पहिल्या तुकडीतून आठ जणी डॉक्टर झाल्या. अमेरिका म्हटली म्हणजे आपल्याला वाटते, तिथे पूर्वीपासून सगळे मोकळे असेल. तसे मुळीच नव्हते. १८६९ च्या नोव्हेंबरात ह्या कॉलेजच्या मुली शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात रोगी पाहून शिकण्यासाठी गेल्या, तर तिथे जमलेल्या पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरड केली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. आपल्या पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती आली, तसलाच हा प्रकार. त्यानंतर वर्तमानपत्रांत वाद पेटला. त्या वेळी कॉलेजच्या प्रमुख अ‍ॅन प्रेस्टन ह्या बाई होत्या. पहिल्या आठ जणींतल्याच त्या एक. त्यांनी रडगाणे न गाता वर्तमानपत्रात सडेतोड उत्तर दिले. ही सारी कागदपत्रे आजही आहेत.

आता आनंदीबाईंकडे वळते. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. नवरा बरोबर नाही, नात्यातले माणूस नाही, वय अठरा. न्यूजर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या एका बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले. ह्या कार्पेंटरबाईंची ओळख कशी झाली, तर त्या दात दाखवायला गेल्या होत्या आणि वाट पाहताना तिथे पडलेले एक मासिक चाळीत होत्या. त्यात गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणाबद्दल लिहिलेले पत्र छापले होते. तेवढ्यावरून त्यांनी समुद्रापलीकडे पत्र धाडले. एक जुना अंक दवाखान्याच्या बाकावर पडून राहिला नसता तर पुढचे सारे कसे झाले असते कोण जाणे.

अमेरिकेत पोचल्यावर २८ जून १८८३ रोजी आनंदीबाईंनी कॉलेजकडे प्रवेशाचा अर्ज केला. तो अर्ज, त्यांच्या स्वतःच्या हातचा, त्या विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आहे. भाचीने त्याचे चित्र मला दाखवले. अक्षर असे वळणदार की पाहत राहावे. आत काय आहे? तर माझे शिक्षण तुमच्या नियमांत सगळे बसत नाही हे मला कळते, पण माझी गोष्ट इतरांहून निराळी आहे, तेव्हा दया करा, असे सरळ लिहिले आहे. माझे मित्र, माझी जात यांचा एकमुखी विरोध सोसून जो निश्चय मला इथवर घेऊन आला तोच मला पुढे नेईल, असे लिहिले आहे. आणि ज्यासाठी आले ते कारण लिहिले आहे: आमच्याकडच्या बायका आजारपणात मरण पत्करतात पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेत नाहीत, त्यांना खरी मदत मिळावी म्हणून मला शिकायचे आहे.

भगिनींनो, अठरा वर्षांच्या मुलीचा हा अर्ज. आपण अर्ज किती करतो! रेशनकार्डासाठी करतो, नळासाठी करतो, मुलांच्या फीसाठी करतो. काम झाले की अर्जाची कुणाला आठवण असते? कॉलेजलाही म्हणता आले असते की, मुलीला प्रवेश दिला, ती पास झाली, आता हा कागद कशाला हवा?

पण त्यांनी ठेवला, आणि तो एकटाच ठेवलेला नाही. त्याच दप्तरात आणखी एक अर्ज आहे, १८९० सालच्या डिसेंबरातला. लिहिणारी एलिझा ग्रायर. गुलामगिरीत जन्मलेली काळी मुलगी. तिने कॉलेजला विचारले आहे की, मला डॉक्टर व्हायचे आहे, माझ्या लोकांच्या उपयोगी पडायचे आहे, माझ्याजवळ पैसा नाही आणि पैसा मिळायचे साधनही नाही, तर माझ्यासारखीला काही वाट आहे का? पुढे ती त्याच कॉलेजात शिकली. कशी शिकली ऐका. एक वर्ष शिकायचे आणि एक वर्ष शेतात कापूस वेचून पैसे जमवायचे. असे करीत १८९७ साली ती डॉक्टर झाली. पाचच वर्षांनी, १९०२ साली, ती वारली. आपल्यापैकी कितीतरी जणींनी कापूस वेचला आहे. बोंडाच्या टोकांनी बोटे कशी फाटतात हे मी सांगायला नको. त्या बोटांनी मुडदे चिरायचे आणि औषधांची नावे पाठ करायची!

तिने काही ग्रंथ लिहिला नाही, तिचे पुतळे उभे राहिले नाहीत. तिचे ते एक पत्र आहे म्हणून मी इथे, ह्या मंडळाच्या खोलीत, तिचे नाव घेते आहे.

आता ह्या कॉलेजच्या दुसऱ्या एका बाईंबद्दल सांगते. मला त्या फार आवडल्या. रेचेल बॉडली त्यांचे नाव. रसायनशास्त्र शिकवीत आणि १८७४ पासून कॉलेजच्या प्रमुख. आनंदीबाईंना प्रवेश त्यांच्याच कारकिर्दीत मिळाला. पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले त्याची प्रस्तावनाही ह्याच बॉडलीबाईंची आहे. १८८१ साली त्यांनी एक काम केले. तोपर्यंत कॉलेजातून डॉक्टर होऊन गेलेल्या आणि हयात असलेल्या सगळ्या बायकांना त्यांनी छापील प्रश्न धाडले. तुम्ही दवाखाना चालवता का? मिळकत किती? समाजात मान कसा मिळतो? आणि एक प्रश्न असा की, डॉक्टरकीचा तुमच्या घरसंसारावर, पत्नी आणि आई म्हणून, काय परिणाम झाला?

हा प्रश्न आजही आपल्याला विचारतात, नाही का? शिवणक्लासला जाते म्हटले तरी विचारतात. बॉडलीबाईंनी तो स्वतःच विचारून टाकला आणि उत्तरे गोळा केली. बहुतेकींनी परिणाम चांगला झाला असेच लिहिले. मग ती माहिती त्यांनी भर सभेत वाचून दाखवली. लोक म्हणत होते की शिकलेल्या बाईचा संसार बुडतो. ह्यांनी वाद घातला नाही, कागद पुढे ठेवला.

हे सर्व कागद राहिले कसे, त्याची कथा मला कादंबरीपेक्षा मोठी वाटते. कारण ज्या कॉलेजचे ते कागद, ते कॉलेज आज त्या नावाने उरलेलेच नाही. सुमारे एकशे वीस वर्षे ते बायकांचे म्हणून चालले. १९७० च्या सुमारास तिथे पुरुषांनाही घेऊ लागले आणि नावातला 'बायकांचे' हा शब्द गेला. १९७७ साली तिथल्या लोकांनी डॉक्टरकीतल्या बायकांच्या इतिहासासाठी वेगळा दप्तरखाना काढला. माझ्या मनात येते की, नावातून शब्द गेल्यावर कुणाला तरी तो कुठेतरी शिल्लक राहावा असे वाटले असेल. हा आपला माझा तर्क. पुढे १९९३ साली ते कॉलेज दुसऱ्या एका कॉलेजात मिळाले. ज्या मोठ्या संस्थेच्या हाती दोन्ही होती तिचे १९९८ साली दिवाळे वाजले. अखेर २००२ साली ते सगळे ड्रेक्सेल विद्यापीठात सामील झाले. घर बदलले, मालक बदलले, पाटी तर किती वेळा बदलली, आणि अर्ज, वह्या, फोटो एका हातून दुसऱ्या हाती जात राहिले. माहेर मोडले पण आईची पेटी लेकीकडे पोचली, तसे.

कुणी विचाराल, एवढे ठेवून तरी काय काय ठेवले आहे? विद्यार्थिनींची दाखल-पुस्तके आहेत, प्रमुखांचा पत्रव्यवहार आहे, आणि पदवीपूर्वी प्रत्येकीला निबंध लिहावा लागे, ते हातचे निबंध आहेत. आनंदीबाईंचा निबंध बाळंतशास्त्रावरचा. आपल्याकडे पूर्वापार बाळंतपणात काय करीत आले ते त्यांनी तिथल्या डॉक्टरांना लिहून दाखवले.

फक्त एकेका बाईचेच कागद आहेत असे समजू नका. संस्थांचेही आहेत, आणि आपल्या मंडळाच्या दृष्टीने मला ते अधिक महत्त्वाचे वाटतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने बाई डॉक्टरांना अधिकारी म्हणून घेतले नाही. तेव्हा १९१७ साली त्या बायकांनी आपली स्वतःची इस्पितळांची संस्था काढली. लोकांकडून पैसे गोळा केले आणि १९१८ साली फ्रान्समध्ये इस्पितळ सुरू केले. लढाई संपल्यावर सर्बिया, ग्रीस इकडे निर्वासितांत काम केले. एस्थर लव्हजॉय नावाच्या बाईंनी १९१९ पासून म्हातारपणापर्यंत ही संस्था सांभाळली. ह्या संस्थेचे साठ-पासष्ट वर्षांचे दप्तर ड्रेक्सेलकडे आहे. त्यात शौर्याच्या गोष्टी असतील, पण भाची म्हणते, अशा कुठल्याही संस्थेच्या दप्तरात सगळ्यांत जास्त काय असते, तर सभांची इतिवृत्ते, वर्गणीची पत्रे आणि हिशेब. हे ऐकून मला घाम फुटला. का ते सांगते, थोडे थांबा.

कागद ठेवण्याची त्यांची पद्धतही मी मुद्दाम विचारून घेतली, कारण आपण बायकांना सामान ठेवण्याची माहिती असते आणि तिथे आपली परीक्षा घेता येते. टाचण्या आणि क्लिपा आधी काढून टाकायच्या, कारण त्या गंजतात आणि कागद खातात. चिकटपट्टी कधीही लावायची नाही. वाचायला येणाऱ्याने शाईचे पेन आत आणायचे नाही, शिसपेन्सिलच वापरायची. कागद खास बनवलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत ठेवायचे, साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने ते पिवळे पडून मोडतात. दमट हवा नको, ऊन नको. प्रत्येक पेटीची याद करायची. आणि एक नियम मला फार पटला: ज्या बाईने आपले कागद ज्या क्रमाने लावून ठेवले असतील तो क्रम मोडायचा नाही. मला ते वाचून माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांच्या मांडणीतला डबा कुणी हलवला की त्यांना चालत नसे.

हे काही आपल्याला नवे नाही. पुण्यास पेशवे दप्तर आहे, तिथले कागद कापडात बांधून ठेवलेले, त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. आपल्या आज्या ट्रंकेत वेखंड आणि कडुलिंबाचा पाला घालून पैठण्या ठेवीतच होत्या. पैठणीत वेखंड घातले, पण कागद मात्र बंबात घातले.

आनंदीबाईंची पत्रे मात्र आपल्याकडेही राहिली. त्याचे श्रेय काशीबाई कानिटकरांचे. स्वतः घरी, चोरून-लपून वाचायला शिकलेल्या ह्या बाईंनी आनंदीबाईंचे चरित्र मराठीत लिहिले आणि त्यांच्या पत्रांना त्यात जागा दिली. अमेरिकेहून आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेले एक पत्र आहे. त्यात लहानपणी खाल्लेला मार आहे, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या आहेत, टाकून देण्याच्या धमक्या आहेत. आणि हे तुमचे वागणे चांगले म्हणावे की वाईट हे ठरवणे कठीण आहे, असे त्या लिहितात. ज्या माणसाने शिकवले त्याच माणसाला हे लिहिले आहे. भाचीने हे सांगितले तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसले. कादंबरीत, नाटकात दुसरे कोणी आनंदीबाईंच्या तोंडून बोलते. पत्रात त्या स्वतः बोलतात.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. नेमणूक झाली, पण त्या जागेवर बसणे झालेच नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क प्रांतात पोकीप्सी गावी कार्पेंटरांच्या घरच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. पुढे १८९२ साली गुरुबाई करमरकर ह्या आणखी एक मराठी बाई त्याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी मुंबईत कितीतरी वर्षे रोगी पाहिले. त्यांचे नाव आपण फारसे घेत नाही. घ्यायला हवे.

आता त्या फोटोतल्या दुसऱ्या दोघी. मधली जपानी बाई, केई ओकामी. १८८९ साली डॉक्टर झाली आणि टोकियोला परत जाऊन इस्पितळात लागली. सांगतात की, बादशहांनी बाईकडून तपासून घ्यायला नकार दिला म्हणून तिने ती नोकरी सोडली. तिच्याबद्दल बरेच लिहिलेले मिळते.

तिसरी सबात इस्लामबुली, दमास्कसची. १८९० साली डॉक्टर झाली आणि आपल्या देशी गेली. त्यानंतर कॉलेजशी तिचा संबंध राहिला नाही. १९१९ च्या एका यादीत तिचा पत्ता कैरो शहरातला आहे. बस्स, एवढेच. समुद्र ओलांडून शिकायला ती गेली, तिनेही घरच्यांना पत्रे लिहिली असतील, तिचेही कुणी लहानपणी गेले असेल म्हणून तिने हा रस्ता धरला असेल. काही कळायला मार्ग नाही. त्या फोटोकडे मी परत परत पाहते तेव्हा आनंदीबाईंपेक्षा ह्या तिसरीकडेच जास्त पाहते.

आता माझे ते कारण.

आपल्या ह्या स्मरणिकेसाठी मंडळाचा पहिल्या वर्षांचा इतिहास लिहावयाचा ठरले, तेव्हा सर्वांनी जुने रजिस्टर शोधले. कपाट काढले, माळा काढला, नगरपालिकेच्या शाळेत चौकशी केली. शेवटी "वाळवीने खाल्ले असेल" असे म्हणून सर्वांनी नाद सोडला. त्या दिवशी मीही तिथे होते. मीही मान हलवली.

ते रजिस्टर वाळवीने खाल्लेले नाही. ते मी रद्दीत घातले.

नऊ वर्षांपूर्वी मंडळाच्या खोलीला चुना द्यायचा होता तेव्हा कपाटातले सामान माझ्या घरी आणून ठेवले होते. एका पोत्यात जुन्या वह्या होत्या. कोपरे कुरतडलेले, वास येत होता. घरात पाहुणे यायचे होते, जागा नव्हती. रद्दीवाला दारात आला, मी पोते तसेच त्याच्या काट्यावर ठेवले. अकरा किलो भरले. बारा रुपये किलोने एकशे बत्तीस रुपये आले. मी प्रामाणिकपणे ते मंडळाच्या हिशेबात जमा केले. आजही हिशेबाच्या वहीत माझ्या अक्षरात ओळ आहे: "रद्दी विक्री, १३२ रुपये." आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षांविषयी लिहिलेले आज एवढेच शिल्लक आहे.

एक वही मी उघडून पाहिली होती. पहिल्या पानावर नावे होती, पुढे चार-चार आण्यांची वर्गणी आणि निम्म्याहून अधिक नावांपुढे जांभळ्या शाईचे अंगठे. एक नाव वाचल्याचे आठवते, ते माझ्या सासूबाईंचे. त्यांचाही अंगठाच होता. मला तेव्हा एवढेच वाटले की, अगं बाई, आत्यांना तेव्हा सही येत नव्हती. पुढे त्या सही शिकल्या ते ह्याच मंडळाच्या प्रौढवर्गात. म्हणजे त्या अंगठ्यापासून त्या सहीपर्यंतचा सगळा प्रवास त्या वह्यांत होता, आणि मी वही मिटून पोत्यात टाकली.

भाचीने इतिवृत्ते आणि वर्गणीचे कागद म्हटल्यावर मला घाम का फुटला, ते आता तुम्हांला कळले असेल. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून अध्यक्षाबाईंकडे गेले आणि सगळे सांगितले. त्या रागावल्या. चांगल्या रागावल्या, मी ते लपवीत नाही. मग चहा पुढे करून म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्या सासवांची, आयांची नावे त्यात होती त्यांना सांग." म्हणून मी इथे उभी आहे. मला क्षमा करा.

त्यानंतर दोन महिने मी आणि अध्यक्षाबाई घरोघर हिंडतो आहोत. पेठेतल्या थोरल्या काकूंना आता नीटसे दिसत नाही, पण पहिल्या सभेला बसलेल्या चौदा जणींपैकी नऊ जणींची नावे त्यांनी धडाधड सांगितली. त्यांचे बोलणे माझ्या मुलीने मोबाईलवर भरून घेतले आणि मी वहीत शिसपेन्सिलीने उतरवले. आणखी दोन नावांबद्दल काकू आणि त्यांच्या जाऊबाई यांच्यात अजून वाद चालू आहे, तेव्हा ती दोन्ही मी वेगळ्या पानावर लिहिली आहेत. खालच्या आळीतल्या एका वहिनींनी प्रौढवर्गाची पाटी आणून दिली. एकींकडे पापडाच्या कामाच्या मजुरीची चिठोरी निघाली. दुधाच्या हिशेबाची वही म्हणून ती जपली होती, मागच्या पानांवर मंडळाचा हिशेब होता. हे सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले आहे. टाचण्या काढल्या आहेत, वेखंड सुती पिशवीत बांधून कोपऱ्यात ठेवले आहे आणि झाकणाच्या आत याद चिकटवायची होती ती चिकटवलेली नाही, दोऱ्याने बांधली आहे.

कुणाकडे मंडळाचे काहीही असेल, पावती असो, बक्षिसाचे प्रमाणपत्र असो, सहलीचा फोटो असो, तर आणून द्यावे. द्यायचे नसेल तर निदान दाखवावे, मुलगी त्याचे चित्र काढून घेईल आणि वस्तू लगेच परत करील.

ह्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर एक जुना फोटो छापला आहे. तो एका भगिनींच्या माहेरच्या अल्बममधून मिळाला. वडाच्या पारावर मंडळाच्या सतरा जणी आहेत. पंधरा जणींची नावे लागली आहेत. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, कडेवर मूल घेतलेली, आणि तिच्या शेजारची डोक्यावरून पदर घेतलेली, ह्या दोघी कोण हे लागत नाही. कुणाला ओळख पटली तर सांगावे. दुपारी दोन ते चार मी घरीच असते.